मदत हवी आहे: बेदाण्याशिवाय कमी गोडाचा केक आणि वाफे उकरणारी कुत्री

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात शेरू आणि चिंगी, दोघंही दीड वर्षांची. सकाळ-संध्याकाळ तासभर फिरवून आणलं तरी दमत नाहीत.

बाबांना शुगर आहे, म्हणून नाचणी आणि गव्हाच्या पिठाचा केक करते. साखर नाही, गोडीपुरते मूठभर तासगावचे बेदाणे भिजवून, वाटून घालायचे. परवा केक गार व्हायला ओट्यावर ठेवला, पाठ फिरवली आणि चिंगीनं कडेचा मोठा तुकडा पळवला. वरचे तीळ तिच्या मिशांना चिकटलेले होते. डॉक्टरांनी तसंच उचलून आणायला सांगितलं, उलटी करवली. आता ती बरी आहे, पण माझे हात अजून थरथरतात. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्यांची किडनी निकामी होऊ शकते, हे द्राक्षांच्या गावात राहून मला माहीत नव्हतं! साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉलही त्यांना विषच, त्यामुळे तेही घरात नको.

मग गोडीला काय घालू? सफरचंद किसून घातलं तर केक मधोमध चिकट राहिला. प्रमाण काय घेता?

दुसरं, बागेचं. वांग्याच्या वाफ्यात एरंडीची पेंड घातली की दोघं वासानं तिथेच उकरतात. तीही विषारी असते, म्हणून सगळी काढून टाकली. आता कुत्र्यांना अपाय न होणारं कुठलं खत घालू? आणि वाफ्याला काट्याकुट्या न लावता कसं अडवता? ज्यांच्या घरी कुत्री आणि बाग दोन्ही आहेत त्यांनी कृपया सांगा, शनिवारी रोपं लावायची आहेत.