३५० शेवीत मोठा कॅम टाकतोय, व्हॉल्व्ह स्प्रिंग कोणती घेऊ?

सी१०_पिकअप
नमस्कार मंडळी. ह्यूस्टनला असतो. १९७२ ची शेवरोले सी-१० आहे, ३५० घनइंचाचं स्मॉल ब्लॉक इंजिन. वर १९९६ नंतरच्या ट्रकमधली व्होर्टेक हेड बसवली आहेत. आता कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलायचाय. हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) इनटेकला ०.४७७ इंच, एक्झॉस्टला ०.४८०. गाडी रोजच्या वापरातली, ५,८०० आरपीएमच्या वर जाणार नाही. एका दुकानात सांगितलं, डबल स्प्रिंग टाक, कडक असलेली बरी. मन घेत नाहीये. काय करू?

लेथवाला
डबल अजिबात नको. फ्लॅट टॅपेट कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, घासत चालतो, मध्ये रोलर नाही. जोर वाढवला की लोब झिजतो आणि तो चुरा तेलातून थेट बेअरिंगपर्यंत जातो. शिवाय व्होर्टेकचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी) धरणारे स्टड नुसते दाबून बसवलेले असतात, जास्त जोराने हळूहळू वर सरकतात.

उलट मऊ स्प्रिंगही चालणार नाही. मग वरच्या आरपीएमला टॅपेट लोब सोडतो, व्हॉल्व्ह सीटवर आपटतो. म्हणून कॅमसोबत जे कार्ड आलंय त्यावर कंपनीने सुचवलेली स्प्रिंग बघ, तिथूनच सुरुवात कर. त्यांनी लोबचा चढ-उतार बघूनच ती निवडलेली असते. तुझ्या कामाला साधारण अशी सिंगल स्प्रिंग पुरेल: बसवल्यावर १.७०० इंच उंचीवर १०५ पौंड, रेट (दाबताना वाढणारा जोर) इंचाला ३७० पौंड, पूर्ण दाबल्यावर कॉइल १.१५० इंचाला एकमेकांना चिकटणारी.

गणित करून बघ. ०.४८० लिफ्टला १७८ पौंड वाढले, म्हणजे पूर्ण उघडल्यावर २८३ च्या आसपास. रस्त्यावरच्या फ्लॅट टॅपेटला एवढं झेपतं. उंची उरली १.२२०, कॉइल चिकटायला ७० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) बाकी. ६० च्या खाली मी जात नाही.

सी१०_पिकअप
हे पटलं. मग स्प्रिंग मागवून बसवली की झालं?

लेथवाला
थांब, व्होर्टेकची खरी अडचण वेगळीच आहे. मूळ हेडमध्ये ०.४६० लिफ्टच्या आसपास रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) गाइडच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याच्या नळीच्या, सीलवर टेकायला लागतो. तू त्याच्या पुढे आहेस. हातानं दाबली जाईल अशी हलकी चेकिंग स्प्रिंग लाव, डायल गेज लावून व्हॉल्व्ह ०.४८० खाली ने आणि रिटेनर ते सील किती उरतं ते मोज. इथेही ६० थाऊ हवेत. नसतील तर गाइडचं टोक वरून कापून घ्यावं लागेल. मशीन शॉपला हे काम नवं नाही, पण हेड टेबलावर असतानाच करून घे.

आणि १.६ चे, म्हणजे जास्त गुणोत्तराचे, रॉकर टाकायचा मोह झाला तर आधी इथे विचार. लिफ्ट ०.५१२ होईल, मग कॉइलला उरतात फक्त ३८ थाऊ.

रॅलीवेडा_नाशिक
दादा, मधेच विचारतो. जिप्सीच्या १.३ सोळा व्हॉल्व्हलाही हाच हिशोब का?

लेथवाला
मोजायची पद्धत हीच, आकडे वेगळे. तुझा कॅम हेडमध्येच आहे, टॅपेट आणि पुशरॉडचं वजन स्प्रिंगला ओढावं लागत नाही. व्हॉल्व्हही लहान. त्यामुळे बराच कमी जोर पुरतो. वरचे आकडे तिथे लावू नकोस भाऊ.

सी१०_पिकअप
गाइड कापून आणले, आता ७० थाऊ मिळतात. पण स्प्रिंग बसवल्यावरची उंची सगळीकडे सारखी नाही. कुठे १.७१५, कुठे १.७३०, एका ठिकाणी १.७४०.

लेथवाला
शिम, म्हणजे स्प्रिंगखाली घालायच्या पातळ चकत्या, १५, ३० आणि ६० थाऊच्या मिळतात. १.७१५ ला १५ ची, १.७३० ला ३० ची. १.७४० लाही ३० चीच टाक. १० थाऊ राहिले तर जेमतेम ४ पौंडांचा फरक, सोडून दे. १५ अजून घालून १.६९५ करू नकोस असं नाही, पण कॉइलची जागा तेवढी कमी होते. शिम नेहमी स्प्रिंगच्या खाली, हेडच्या बाजूला.

लोबला आणि टॅपेटच्या तळाला मॉलीची (मोलिब्डेनमची) पेस्ट भरपूर लाव, तेल जस्तवालं घे. इंजिन पहिल्यांदा चालू झालं की आयडलवर ठेवू नकोस, लगेच २,००० ला ने आणि २० मिनिटं २,००० ते २,५०० मध्ये फिरव. म्हणून टायमिंग, पेट्रोल, रेडिएटरचं पाणी सगळं आधीच तपासून ठेव. स्टार्टर पुन्हा पुन्हा मारला की लोबवरची पेस्ट तिथेच निघून जाते.