एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार): अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अडखळते

प्रश्न: बर्मिंगहॅम, १९७१ची एमजीबी, दोन एसयू कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे भाग; एसयू हा ब्रँड). शनिवारी मेकॅनिक घरी येतोय. आधी काय बघून ठेवू?

उत्तर १: डॅशपॉटचं, म्हणजे कार्बोरेटरच्या वरच्या घुमटातलं तेल. त्याची काळी टोपी फिरवून तिला जोडलेला डॅम्पर (पिस्टनचा वेग आवरणारा दांडा) वर काढा. तेल पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या तोंडापेक्षा साधारण १३ मिमी वर हवं. ते आटलं की कार्बोरेटरचा पिस्टन झटकन वर उचलला जातो, मिश्रण क्षणभर लीन (पेट्रोल कमी) होतं. एसएई २० घाला.

उत्तर २: तेल ठीक असेल तरी लगेच जेटच्या नटला (यानं पेट्रोलचं प्रमाण बदलतं) हात नको! आधी पॉइंट्सची (डिस्ट्रिब्युटरमधल्या, स्पार्क देणाऱ्या संपर्कांची) फट ०.०१५ इंच. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फटही ०.०१५, पण इंजिन थंड असताना. ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट लावा, सातवा उघडा असताना दुसऱ्याची. दोन्ही नंबरांची बेरीज नेहमी नऊ.

उत्तर ३: शेवटी इंजिन चालू ठेवून, कार्बोरेटरखालच्या पिनने पिस्टन ०.८ मिमी उचलून बघा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढून तसेच राहिले तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बंद पडायला लागलं तर लीन.