निकाल ठरवतो तो पाचवा धावपटू

उंचावरील विरळ हवेमुळेच अमेरिकेतील काही शालेय क्रॉस कंट्री (मोकळ्या रानवाटांवरील लांब पल्ल्याची धाव) कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत स्पर्धा करणाऱ्या शाळांचे गट, बलाढ्य ठरतात, हे मत मला अपुरे वाटते. शिकागोची पश्चिम उपनगरे सपाट प्रदेशात आहेत. तरीही एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलने प्रशिक्षक जो न्यूटन यांच्या मार्गदर्शनाखाली इलिनॉयची 28 राज्य विजेतेपदे पटकावली. संघातून सातजण धावतात, पण पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज धरली जाते आणि सर्वांत कमी बेरीज जिंकते. त्यामुळे पहिला आलेला मुलगा आपल्या संघात असूनही पाचवा खूप मागे पडला, तर सगळे मुसळ केरात जाते. न्यूटन इच्छुक मुलांना वगळत नसत, म्हणूनच असा भरवशाचा पाचवा त्यांना मिळे. वेस्ट सबर्बन या यॉर्कच्याच कॉन्फरन्समधील हिन्सडेल सेंट्रल, लायन्स टाउनशिप यांसारख्या शाळांची गाठ दर हंगामात याच संघाशी पडे, आणि माझ्या मते त्यांचीही तयारी त्यामुळेच कसदार झाली.