मदत हवी आहे: दत्तक घेतलेली कुत्री अकरा दिवस वॉशिंग मशीनमागे बसून आहे

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्यात राहतो, चौथ्या मजल्यावर. मी, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि सासूबाई. लेकाचा हट्ट दोन वर्षं चालू होता. शेवटी विकतचं पिल्लू आणण्याऐवजी शेल्टरमधून दीड वर्षाची देशी कुत्री दत्तक घेतली. नाव बुंदी. वजन साधारण १४ किलो, कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. गाडीखाली येता येता वाचली होती, मागचा पाय आता बरा आहे.

आली त्या दिवशी दारातून थेट वॉशिंग मशीनमागे शिरली ती अजून तिथेच. रात्री सगळे झोपल्यावर ताटलीतलं अर्धंमुर्धं खाते. लिफ्टचं दार उघडलं की चारही पाय ताठ करून बसते, नवरा उचलून नेतो. खाली वीस मिनिटं पेव्हर ब्लॉकवर शेपूट पोटात घालून उभी राहते, करत काही नाही. आणि पहाटे चारला गॅलरीत, नेमकी तुळशीच्या कुंडीमागे! त्यावरून घरात काय चालू आहे ते लिहीत नाही.

परवा लेकाने तिची ताटली सरकवायला हात घातला तर गुरगुरली. नवरा ओरडला. तेव्हापासून ती त्याच्याकडे बघतही नाही.

आता गंमत. सासूबाईंना कुत्र्यांचं वावडं आहे. पण दुपारी त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या, तर ही मशीनमागून निघून त्यांच्यापासून चार फुटांवर येऊन बसली. एकदा नाही, तीनदा. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मी मात्र रोज उकडलेलं चिकन घेऊन लादीवर पालथी पडते, "बुंदी, ये ना गं" करते, तर अजून आत सरकते. माझं काय चुकतंय? लेकाला चावेल का? शेल्टरवाले म्हणतात, जमत नसेल तर परत आणा. तो विचार मनात आला की लेकाकडे बघवत नाही.

खारीबिस्किट: चुकत काही नाही, फक्त तुम्ही फार मागे लागलाय. तिच्या जागी बसून बघा: एक अनोळखी बाई वाकून डोळ्यांत डोळे घालते आणि हात पुढे करते. कुत्र्यांच्या भाषेत ती दमदाटी झाली. सासूबाई तिच्याकडे बघत नाहीत, बोलावत नाहीत, एका जागी बसून आपलं काम करतात. घरात तिला कळणारं माणूस तेवढं एकच आहे. तुम्हीही तसंच करा. मशीनपासून लांब, तिच्याकडे पाठ करून बसा, लसूण सोला, पेपर वाचा. मधूनच चिकनचा तुकडा मागे टाका आणि विसरून जा. खाल्ला का म्हणून वळून बघायचं नाही, हेच सगळ्यात अवघड असतं.

अकरा दिवस म्हणजे काहीच नाही. पहिले तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर समजण्याचे, तीन महिने आपलं वाटायला, असा एक ढोबळ हिशोब सांगतात. आमच्या काळूने पाच महिने घेतले.

बारा_गावचं_पाणी: आमच्याकडे गावी अशी नाटकं नव्हती. नाक धरून दाखवायचं कुठे घाण केली ते, दोन दिवसांत सरळ.

खारीबिस्किट: गावी दार उघडं होतं हो, चौथा मजला नव्हता. नाक घासून कुत्रं एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही. मग ते पलंगाखाली करतं.

ओवी_अंगण: शू-शीबद्दल. शेल्टरमध्ये ती माती किंवा कोब्यावर करत असणार. पेव्हर ब्लॉक म्हणजे काहीतरी भलतंच. कंपाउंडच्या कडेला माती असेल तिथे न्या, पहाटे वर्दळ नसताना. ती चारला करते, म्हणजे साडेतीनला उठायची तयारी तुम्हालाच ठेवावी लागेल. गॅलरीतली शू वर्तमानपत्राने टिपा आणि तो कागद त्या मातीवर ठेवा. तिला स्वतःचा वास मिळाला की काम होतं. केलं की तिथल्या तिथे खाऊ, घरी येऊन नाही. फिनाईलने वास जात नाही, आपल्यापुरता झाकला जातो. पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरा. तुळस काही दिवस स्टुलावर ठेवा, घरातली शांतता महत्त्वाची.

शिवाय तुमची लादी गुळगुळीत असेल ना? दुखावलेल्या मागच्या पायाने तिच्यावर चालणं म्हणजे शेवाळावर चालणं. मशीनपासून गॅलरीपर्यंत गोणपाट किंवा जुनी योगा मॅट टाका. आमची फक्त लादीला घाबरत होती, हे कळायला आम्हाला महिना लागला.

गोचीड_शत्रू: सगळे स्वभावावर बोलताहेत, मी तब्येतीवर बोलतो. अर्धंमुर्धं खाते, दिवसभर पडून असते, शेल्टरमधून आली आहे. गोचीडताप आहे का ते आधी बघून घ्या. हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या? डॉक्टरांना सांगून रक्त तपासा, प्लेटलेट्स बघा. त्या पायाचं दुखणंही तपासून घ्या. मनाने क्रोसिन वगैरे देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी ठरू शकतं. लसीचं कार्ड मिळालं नसेल तर रेबीज आणि बाकीच्या लसी नव्याने.

पोळीभाजी_डबा: गुरगुरण्यावरून ओरडू नका, कळकळीने सांगते. गुरगुरणं म्हणजे "लांब राहा" असं तिने नीट सांगणं. ते बंद पाडलं की पुढच्या वेळी न सांगता चावू शकते. ती जेवताना लेक त्या खोलीत नको, संपला विषय. पुढे त्याने लांबून जाता जाता ताटलीत चांगला तुकडा टाकायचा, म्हणजे माणूस जवळ आला की जेवण जात नाही, वाढतं, हे तिला कळेल. ते मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि आत्ता नाही. दोघांना एकटं सोडू नका. आणि कधी दात लागलेच, तर साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन. हळद-चुना नाही.

अजून एक. साधा पट्टा घालून खाली नेऊ नका. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून मान काढून घेतं आणि सुटतं. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा, दोन्हीला दोऱ्या. गळ्यात फोन नंबर. दिवाळी तोंडावर आहे, एक लवंगी फुटली की पळालीच समजा.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहिते आहे.

चिकन घेऊन पालथं पडणं बंद केलं. गोणपाट घातलं. पहिल्याच रात्री त्याच्यावरून चालत हॉलच्या दारापर्यंत आली, मला नखांचा आवाज आला, मी झोपेचं सोंग घेतलं. काल पहाटे ३:५० ला कंपाउंडच्या मातीत शू! नवरा एवढ्या जोरात "शाब्बास" म्हणाला की ती पुन्हा दचकली आणि वॉचमन धावत आला.

सासूबाईंना सांगितलं की तुमचंच बरोबर आहे म्हणतात सगळे. त्या म्हणाल्या, "मी काय केलंय? मी तर तिच्याकडे बघतही नाही." पण मेथीच्या काड्या मोडता मोडता एक काडी तिच्या बाजूला पडली आणि ती उचलली गेली नाही, हे मी पाहिलं.

हिरड्या फिकट वाटल्या म्हणून काल रक्त दिलं. रिपोर्ट उद्या, आकडे आले की टाकते. तोवर एवढं सांगा, हार्नेस वजनावरून घ्यायचा की छातीच्या मापावरून? दुकानदार जात विचारतोय.