मदत हवी आहे: परिवहन उपक्रमातली मान्यताप्राप्त युनियन बदलायची आहे, सह्या झाल्यात, पुढे काय?

डेपो_दोन
आमच्या महापालिकेच्या परिवहन उपक्रमात सध्याची युनियन कामगारांचं काहीच बघत नाही. वेतन करार संपत आलाय आणि नव्या कराराला तीच माणसं बसणार. आम्ही ८०० जणांच्या सह्या घेतल्यात. एकूण माणसं १४६०, म्हणजे निम्म्याहून जास्त आमच्या बाजूने. आता हे पत्र व्यवस्थापकांना द्यायचं, कामगार आयुक्तांना की थेट कोर्टात? मान्यता किती दिवसांत निघते? लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात द्वारसभा आहे.

हजेरीपट
आधी चार गोष्टी सांगा, त्याशिवाय कोणीही नीट उत्तर देऊ शकणार नाही.
सध्याच्या युनियनला औद्योगिक न्यायालयाचं मान्यता प्रमाणपत्र आहे, की नुसतं प्रशासन त्यांना चर्चेला बोलावतं? प्रमाणपत्र असेल तर त्यावरची तारीख काय? तुमची स्वतःची युनियन नोंदलेली आहे का? आणि १४६० मध्ये कंत्राटी किती?

केंद्रीय_कर्मचारी
यात एवढं अवघड काय आहे? १९९३ च्या मान्यता नियमांप्रमाणे संवर्गातले ३५ टक्के सभासद लागतात. दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला १५ टक्के असले तरी मान्यता मिळू शकते. पगारातून होणारी वर्गणी कपात मोजतात, मान्यता पाच वर्षांची असते. विभागप्रमुखांना अर्ज द्या.

हजेरीपट
ते केंद्र सरकारच्या खात्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी. धागाकर्ते महापालिकेच्या परिवहन उपक्रमातले आहेत. त्यांना महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा लागतो, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. मान्यता देणं किंवा काढणं हे औद्योगिक न्यायालयाचं काम. व्यवस्थापक किंवा आयुक्तांच्या हातात ते नाही.

रूळावरून
गुप्त मतदान मागा! रेल्वेत २००७, २०१३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये मतदानानेच युनियन ठरली. मतदानात फेरफार करणं अवघड असतं. सभासद मोजण्याची पद्धत मुळातच सदोष आहे, एकच माणूस दोन्हीकडे पावती फाडतो.

कलम_अकरा
मतदान बरं की सभासद मोजणी, हा वाद मोठा आहे, पण १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी मतदान नाहीच. न्यायालय अन्वेषण अधिकाऱ्याकडून सभासदसंख्या तपासून घेतं. मतदानाची मागणी करत बसलात तर द्वारसभेत टाळ्या मिळतील, अर्ज एक इंचही पुढे सरकणार नाही.

डेपो_दोन, ८०० सह्यांचा कागद लोकांचा कल दाखवायला ठीक आहे, सभासदत्वाचा पुरावा म्हणून तो चालणार नाही. अर्ज ज्या महिन्यात कराल त्याच्या आधीचे पूर्ण सहा कॅलेंडर महिने, सलग, एकूण कामगारांच्या किमान ३० टक्के सभासद लागतात. सभासद म्हणजे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वर्गणी भरणारा, महिना किमान ५० पैसे. एका महिन्याची वर्गणी तो महिना संपल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर ती थकीत धरतात. सहा महिन्यांत तीनहून जास्त महिन्यांची थकबाकी झाली की तो माणूस मोजणीतून गेला.

डेपो_दोन
उत्तरं देतो. त्यांना कोर्टाचं प्रमाणपत्र आहे, सव्वा वर्ष झालं. आमची युनियन अजून नोंदलेली नाही, नाव ठरलंय. कंत्राटी २१० आहेत, ते सगळे आमच्याबरोबर आहेत. वर्गणी अजून घेतलेली नाही, लोक म्हणाले मान्यता मिळाल्यावर देऊ.

हजेरीपट
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. सगळं चित्रच बदललं.

नोंदणी नाही म्हणजे अर्जदार म्हणून तुम्ही अजून उभेच राहू शकत नाही. नोंदणीला आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यातली कमी असेल ती संख्या लागते, आणि काही झालं तरी सातपेक्षा कमी नाही. तुम्हाला हे जड जाणार नाही.

सव्वा वर्ष हा खरा अडथळा आहे. आधीच्या युनियनच्या जागी मान्यता मागायची तर १९७१ च्या कायद्याचं कलम १४, आणि त्यात त्यांच्या मान्यतेच्या तारखेपासून दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत. तिथे ३० टक्के असून भागत नाही, सहाही महिने तुमचे सभासद त्यांच्यापेक्षा जास्त हवेत. घाईने आज अर्ज केलात आणि तो निकाली निघाला, तर त्यानंतर एक वर्ष तुमचा अर्ज न्यायालय घेणार नाही. चालू करार त्यांच्याच सहीने होणार हे गृहीत धरूनच पुढचं ठरवा.

निळी_शाई
दोन वर्षं थांबायची गरज नाही. कलम १३ ने मान्यता रद्द करून घ्या. कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांत एकदा तरी झालीच पाहिजे, ठराव इतिवृत्तात लिहिलेले पाहिजेत, वर्षातून एकदा शासनाने नेमलेल्या लेखापरीक्षकाला हिशेब दाखवता आला पाहिजे. यात कुठेही खंड असेल तर कारण मिळालं. सभासद सलग सहा महिने ३० टक्क्यांच्या खाली गेले असतील तर तेही कारण. याला दोन वर्षांची अट नाही. मान्यता रद्द झाली की जागा रिकामी, मग कलम ११ खाली साधा नवा अर्ज.

कलम_अकरा
कायदा बरोबर सांगितलात, पण सोपा करून सांगितलात. बैठका झाल्या नाहीत हे सिद्ध कसं करणार? इतिवृत्ताची वही त्यांच्या कपाटात आहे, नोटीस गेल्यावर ती भरून येऊ शकते. सभासद घटल्याचं कारण घेतलं तरी कारणे दाखवा नोटिशीच्या महिन्यातही संख्या ३० टक्क्यांच्या खालीच असावी लागते. म्हणजे नोटीस निघायच्या आत त्यांनी माणसं परत गोळा केली की अर्ज पडला. शिवाय चौकशी होऊन निकाल यायला वेळ लागतोच. कलम १३ जरूर वापरावं, पण एकट्या त्याच्यावर विसंबून राहू नये.

निळी_शाई
वही भरून येईल, पगारपत्रक कसं बदलतील? त्यांची वर्गणी पगारातून कापली जाते का, डेपो_दोन? कापली जात असेल तर माहिती अधिकारात मागच्या बारा महिन्यांची, महिनावार, फक्त संख्या मागा: एकूण कामगार किती आणि त्या युनियनच्या नावाने कपात किती जणांची. नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल. अर्जाला दहा रुपये, मुदत तीस दिवस. त्या आकड्यावरून कळेल कलम १३ मध्ये दम आहे की नाही.

डेपो_दोन
हो, पगारातूनच कापतात. आमच्या ८०० पैकी बऱ्याच जणांची अजून चालू आहे.

हजेरीपट
मग कागदोपत्री ते आजही त्यांचेच सभासद आहेत. प्रत्येकाने दोन पत्रं द्यायची, एक त्या युनियनला राजीनाम्याचं, दुसरं आस्थापना विभागाला कपात थांबवायचं. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. पुढच्या पगारपावतीत कपात खरोखर थांबली का ते बघा. एकच टोकन नंबर (कामगाराचा हजेरी क्रमांक) दोन्ही याद्यांत सापडला की पडताळणीत तिथेच वाद सुरू होतो.

बिल्ला_क्रमांक
माझ्या मते सरळ दोन दिवस गाड्या बंद ठेवा. प्रशासन आपोआप चर्चेला बोलावतं.

कलम_अकरा
कृपया हे करू नका. चौदा दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदेशीर. मान्यताप्राप्त युनियन असताना तिच्या बहुसंख्य सभासदांचं मत न घेता केलेला संपही बेकायदेशीर. असा संप ज्या युनियनने घडवला किंवा चालू ठेवायला मदत केली, तिला त्यानंतर सहा महिन्यांच्या आत केलेल्या अर्जावर मान्यता देता येत नाही. दोन दिवसांसाठी अर्धं वर्ष घालवाल.

डेपो_दोन
संप नाही करणार. पण २१० कंत्राटी धरले तरच आमचा आकडा मोठा होतो. ते मोजतील ना?

हजेरीपट
ते ठेकेदाराचे कामगार म्हणून कागदावर आहेत तोवर उपक्रमाच्या कामगारांत धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला प्रकरणात सांगितलं की मालक-कामगार नातंच वादात असेल तर ते आधी दुसऱ्या मंचावर सिद्ध करून आणायचं, या कायद्याखालच्या तक्रारीत ते ठरत नाही. ते २१० बाजूला ठेवा: उरले १२५०. त्याचे ३० टक्के म्हणजे ३७५. व्यवस्थापकीय पदावरचेही वजा होतील, म्हणून आकडा थोडा खाली येईल. पण ४५० च्या खाली थांबू नका. निवृत्ती, बदली, थकबाकी आणि दुबार नावं यांत माणसं गळतातच.

सहा_महिने
कोणी नव्या संहितेबद्दल बोलतच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे, ती एकमेव वाटाघाटी संघटना. तेवढे कोणाकडेच नसतील तर अनेक युनियनची मिळून वाटाघाटी परिषद, आणि तिच्यात दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. ३० टक्क्यांचा हिशेब जुना झाला.

कलम_अकरा
संहितेने १९२६ चा कामगार संघटना, १९४६ चा स्थायी आदेश आणि १९४७ चा औद्योगिक विवाद हे केंद्राचे कायदे रद्द केले. त्या यादीत राज्याचा १९७१ चा कायदा नाही.

सहा_महिने
यादीत नसला म्हणून काय झालं? विसंगती असेल तिथे राज्यघटनेच्या कलम २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा वर. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच घेईल.

हजेरीपट
तुमच्या दोघांच्या वादाने धागाकर्त्यांचं काम अडू नये. दोन्ही मोजमापं पार करा. १२५० चे ५१ टक्के म्हणजे ६३८. ८०० मधून कंत्राटी वजा केले तर ५९० उरतात, म्हणजे आणखी पन्नासेक कायम कामगार हवेत. नोंदणी तर नव्या संहितेखालीच करावी लागेल.

डेपो_दोन
नक्की क्रम सांगा. द्वारसभेत काय करायचं?

हजेरीपट
द्वारसभेत सह्यांऐवजी सभासद अर्ज भरून घ्या आणि त्याच दिवशी पहिली वर्गणी. "मान्यता मिळाल्यावर देऊ" हे चालणार नाही, कारण वर्गणीशिवाय मान्यताच नाही. नोंदणीला द्यायच्या युनियनच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, चार गोष्टी लिहिलेल्याच हव्यात: महिना किमान ५० पैसे वर्गणी, दर तीन महिन्यांच्या आत कार्यकारिणीची बैठक, ठरावांची इतिवृत्त वही, लेखापरीक्षणाची तरतूद. दुसऱ्या युनियनची घटना तशीच उतरवली की नेमकी यातलीच एखादी राहते.

तुमच्याकडे नऊ महिने आहेत. दोन-तीन महिने नोंदणी आणि भरतीला, मग मोजणीचे पूर्ण सहा महिने. दोन वर्षं भरल्याच्या पुढच्या महिन्यात कलम १४ चा अर्ज. मधल्या काळात माहिती अधिकाराचं उत्तर अनुकूल आलं तर कलम १३. मान्यता नसतानाही सभासदाच्या निलंबन-बडतर्फीबद्दल प्रशासनाशी बोलायचा आणि खात्यांतर्गत चौकशीत त्याच्या बाजूने उभं राहायचा हक्क नोंदलेल्या युनियनला असतो. लोक टिकवायला तो वापरा.

निळी_शाई
पावतीपुस्तकाबद्दल एक, कारण अर्ज तिथेच पडतात. पावतीवर नाव, टोकन नंबर, भरल्याची तारीख, कोणत्या महिन्याची वर्गणी आणि घेणाऱ्याची सही. पुस्तकं छापील अनुक्रमांकाची घ्या, डेपोवार वेगळी. पावती ११२ वर ९ तारीख आणि ११३ वर ४ तारीख दिसली की अधिकारी अख्खं पुस्तक बाजूला ठेवतो. सहा महिन्यांच्या पावत्या एका बैठकीत फाडल्या तर एकाच पेनाची शाई आणि एकच हात लगेच ओळखू येतो. गोळा झालेली रक्कम त्याच आठवड्यात बँकेत भरा, भरणा चिठ्ठीच्या मागे पावती क्रमांक कुठून कुठपर्यंत ते लिहा. सभासद नोंदवही, पावत्यांच्या आपल्याकडे राहणाऱ्या स्थळप्रती आणि बँक पासबुक, तिन्हींची बेरीज महिन्याच्या शेवटी जुळवा.

डेपो_दोन
पगार ७ तारखेला होतो. ८ आणि ९ ला दोन्ही पाळ्यांच्या वेळी टेबल लावतो. पुस्तकं उद्याच छापायला टाकतो. पण नोंदणी व्हायच्या आधी घेतलेली वर्गणी धरतात का?

कलम_अकरा
सभासद आजच करा, वर्गणी आजच घ्या, पण मोजणीचे सहा महिने नोंदणी प्रमाणपत्रानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्यापासून धरा. आधीचे महिने हिशेबात घुसवले तर समोरच्याला फुकटचा आक्षेप मिळतो. नोंदणीचा अर्ज या आठवड्यातच गेला पाहिजे, तो यासाठीच.