अणुकचरा खोल खडकात पुरावा की नको? वाशी पुलावरून सुरू झालेला वाद

खाडीकाठ_वाशी

वाशीच्या खाडीपुलावरून लोकल जाते तेव्हा दक्षिणेला ट्रॉम्बेची, अणुसंशोधन केंद्राची टेकडी दिसते. परवा नववीतल्या भाचीने विचारलं, "मामा, तिथला कचरा शेवटी जातो कुठे?" त्यावरून रात्री जेवताना घरात जोरात वाद झाला. तोच इथे मांडतो.

आपल्याकडे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते. उरलेला सगळ्यांत तीव्र कचरा बोरोसिलिकेट काचेत मिसळून ती काच स्टीलच्या डब्यांत ओततात. तारापूरला असे डबे हवेने थंड राहणाऱ्या कोठारात आहेत. पण कोठारावर हजारो वर्षं पहारा कोण देणार? माझं मत असं की हे शेवटी खोल खडकातच गेलं पाहिजे, आणि "पुरलं की पाण्यात उतरणारच" ही भीती अवाजवी आहे.

निसर्गाने हा प्रयोग आधीच केलाय. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लोच्या खाणीतल्या युरेनियममध्ये २३५ या समस्थानिकाचं प्रमाण ०.७२० टक्के हवं होतं, ते १९७२ साली ०.७१७ भरलं. फ्रेंच शास्त्रज्ञांनी माग काढला तेव्हा कळलं की सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी तिथे जमिनीतच, भूजलाच्या साथीने, अणुभट्ट्या चालल्या होत्या. त्यांत तयार झालेलं प्लुटोनियम जवळपास जागच्या जागी किरणोत्साराने क्षय होऊन संपलं. ना तांब्याचा डबा, ना काच, ना कुणी इंजिनिअर.

कातळ_घोडबंदर

काका, ओक्लो ओक्लोच्या जागी. मी आमच्या सोसायटीतली बोअर सांगतो.

रात्रभर गाडीजवळ उभा होतो. आधी मुरूम, मग काळा पाषाण. नुसती राखाडी भुकटी उडत होती. १२० फुटांवर तांबडा चिखल यायला लागला. बोअरवाला म्हणाला, "गेरू लागला, थांबा आता." १८० फुटांवर पाणी असं उसळलं की सगळे भिजलो. महिन्याभराने कंपाउंडच्या पलीकडच्या सोसायटीने आमच्यापासून ४० फुटांवर बोअर मारली. ३०० फूट गेले, ठणठणीत कोरडी.

आपल्या कातळात पाणी भेगांतून पळतं, आणि भेग कुठे आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. अशा जमिनीबद्दल कागदावर "पाणी वर्षाला इतकं सरकतं" असं कुणी लिहून दिलं तर मी सही करणार नाही.

आणि अमेरिकेचं नेवाडा घ्या. तिथे १९६८ साली बेनहॅम नावाची भूमिगत अणुचाचणी झाली. १९९९ मध्ये तिचं प्लुटोनियम १.३ किलोमीटर लांबच्या विहिरीत सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तिचंच कशावरून, तर प्लुटोनियम २४० आणि २३९ यांचं गुणोत्तर जुळलं. तुम्ही म्हणता जागेवर राहतं, ते ३० वर्षांत किलोमीटरभर गेलं!

येऊरकर

कातळशी सहमत. जर्मनीतली आस्सेची मिठाची खाणही जोडा. १९६७ ते १९७८ मध्ये तिथे कमी आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याची सुमारे १ लाख २६ हजार पिंपं ठेवली, कारण मीठ कोरडं असतं. आज तिथे रोज १२ हजार लिटरच्या आसपास पाणी शिरतंय आणि पिंपं परत वर काढायचं ठरलंय.

मेधा_ऐरोली

रसायनशास्त्र शिकवते, म्हणून लांबलचक लिहिते आहे.

दोन्ही बाजू "किरणोत्सारी पदार्थ" असा एकच शब्द वापरताहेत आणि सगळा घोळ तिथेच होतोय. जमिनीत कोण किती फिरणार याचा किरणोत्साराशी संबंध नाही. ते ठरतं रसायनावर.

ऐरोलीला खारफुटीच्या कडेने ओहोटीच्या वेळी चाललाय का? चिखलात पाय रुतला की वरचा तपकिरी पापुद्रा फुटतो, खालून काळाभोर गाळ येतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. त्या काळ्या थरात ऑक्सिजन नाही. अशा जागी युरेनियम चार संयुजेचं होतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, बसून राहतं. तेच युरेनियम ऑक्सिजन असलेल्या, बायकार्बोनेटवाल्या पाण्यात सहा संयुजेचं होऊन आरामात वाहतं. टेक्नेशियम ९९चंही तसंच. अर्धायुष्य (म्हणजे निम्मं विघटित व्हायला लागणारा काळ) २ लाख ११ हजार वर्षं, ऑक्सिजन मिळाला तर पाण्याबरोबर पळतं, नाही मिळाला तर थबकतं.

सीझियम १३७ची तऱ्हा वेगळी. ते चिकणमातीच्या पापुद्र्यांच्या कडांमध्ये पोटॅशियमच्या जागी जाऊन बसतं, पण पाणी खारं असलं की सोडियम-पोटॅशियम त्याच्याशी जागेसाठी भांडतात. अमेरिकेत हॅनफर्डला गळक्या टाक्यांतल्या द्रवात सोडियम भरपूर होतं, म्हणून तिथे सीझियम अपेक्षेपेक्षा खोल गेलं. म्हणजे आपल्या खाडीचा एकच चिखल युरेनियमला धरेल आणि सीझियमला सैल सोडेल.

काका, ओक्लोची अर्धी गोष्ट तुम्ही वगळलीत. प्लुटोनियम राहिलं हे खरं, पण वायू, आयोडीन आणि सीझियम बरंचसं निघून गेलं.

आणि कातळ, नेवाडात प्लुटोनियम विरघळून गेलं नाही. ते मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर, कलिलांवर स्वार होऊन गेलं, तेही अत्यंत अल्प प्रमाणात. स्फोटाने तडकलेल्या खडकाची तुलना काचेच्या डब्याशी कशी करता?

कातळ_घोडबंदर

प्रमाण अल्प, मान्य. पण मेधाताई, १९९९च्या आधी "प्लुटोनियम खडकाला चिकटतं, जात नाही" असंच हिशेबात धरायचे ना? मला भीती आहे ती हिशेबात न धरलेल्या वाटेची.

खाडीकाठ_वाशी

ताई, ओक्लोबद्दलची दुरुस्ती मान्य, मी सोयीचं तेवढं सांगितलं.

कातळ, तू म्हणतोस तो दख्खनचा कातळ मलाही नको. थरावर थर, मध्ये गेरू, मांजऱ्या खडक. पण म्हणून सगळीकडचा खडक वाईट ठरत नाही. फिनलंडमध्ये ओंकालोला ४०० मीटरहून खोल जुन्या कठीण खडकात तांब्याचे डबे ठेवणार आहेत, भोवती बेंटोनाइट माती. ती भिजली की फुगते आणि फटी बुजवते. कलिलसुद्धा तिच्यातून सहज पार होत नाहीत. पाणी वर्षाला १० मीटर चाललं आणि मूलद्रव्य खडकाला चिकटत हजारपट मागे पडलं तर ते वर्षाला सरकतं सेंटीमीटरभर. सीझियम १३७चं अर्धायुष्य ३० वर्षं, तीनशे वर्षांत हजारावा भागसुद्धा उरत नाही. तेवढ्यात ते तीन मीटर जाईल.

पारसिक_खाणवाला

वडील दगडखाणीत होते. फोडलेल्या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या गारगोट्या निघायच्या, आम्ही पोरं खिशात भरून आणायचो. त्यांतल्या कित्येक झिओलाइटच्या असतात आणि झिओलाइट सीझियम धरतं. फुकुशिमाचं पाणी गाळायला तेच वापरलं. मग आपला कातळ इतका टाकाऊ का?

मेधा_ऐरोली

झिओलाइट धनभारित सीझियम-स्ट्रॉन्शियमला धरतं, दादा. पण पाण्यातलं आयोडीन, म्हणजे आयोडाइड, ऋणभारित. त्याला झिओलाइटही धरत नाही आणि चिकणमातीही फारशी नाही. आयोडीन १२९चं अर्धायुष्य १ कोटी ५७ लाख वर्षं. काका, तुमचा हजारपटीचा हिशेब इथे चालत नाही, ते जवळजवळ पाण्याच्याच वेगाने जातं. इतकं लांब आयुष्य म्हणजे दर सेकंदाला विघटन कमी, हा दिलासा आहे. तरी माझं मत खोल पुरण्याच्याच बाजूने, पण प्रत्येक मूलद्रव्याचा हिशेब वेगळा मांडून.

कातळ_घोडबंदर

मग आयोडीनला काच धरते म्हणा.

मेधा_ऐरोली

नाही. पुनर्प्रक्रियेत इंधन आम्लात विरघळवतात तेव्हाच आयोडीन बहुतेक वायू होऊन निघतं. काचेत ते फारसं पोचतच नाही, वेगळ्या गाळण्यांत पकडावं लागतं.

खाडीकाठ_वाशी

हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे काचेचे डबे कितीही खोल ठेवले तरी सगळ्यांत चपळ पाहुणा त्यांत नाहीच. मग पकडलेलं ते आयोडीन कशात बांधून पुरायचं? मेधाताई, सवडीने यावर लिहा. भाचीलाही वाचायला देईन, तिचे प्रश्न माझ्यापेक्षा नेमके असतात.