डेटा वाढवून सगळं सुटत नाही
मेंदूच्या एमआरआयमधले भाग आपोआप आखणाऱ्या एआयबद्दल कुणीतरी म्हटलंय की मॉडेल मोठं करा, डेटा वाढवा, डाइस स्कोर (मॉडेलने आखलेला भाग खऱ्या भागाशी किती जुळतो त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळला) आपोआप वर जाईल. अर्धं पटतं, पण डेटा कसला वाढवणार ते पण बघा की. आमच्या सोलापुरात सेंटरवर रुटीन एमआरआयची सीडी उघडली तर बहुतेक सिरीज ५ मिमी जाडीच्या स्लाइसच्या असतात, वर मधे गॅप, आणि मेंदूचे भाग आखून मोजणाऱ्या फ्रीसर्फरसारख्या टूलच्या नेहमीच्या पद्धतीला लागतो साधारण १ मिमीचा थ्रीडी टी-वन (एमआरआयचा एक प्रकार). हिप्पोकॅम्पससारखी (मेंदूतला आठवणींशी संबंधित छोटा भाग) बारीक गोष्ट त्या जाड स्लाइसमधे शेजारच्या भागात मिसळून जाते, मग असले कितीही स्कॅन ओता, हाताने लेबल करणारा रेडिओलॉजिस्टसुद्धा तिथे अंदाजच मारणार ना.

यावर सिंथसेग या मेंदूचे भाग आखणाऱ्या टूलवाल्यांची आयडिया मला जाम आवडली. त्यांनी खऱ्या स्कॅनवर ट्रेन न करता फक्त लेबल मॅप (कुठला भाग कुठे आहे ते दाखवणारे नकाशे) घेतले आणि त्यातून काँट्रास्ट, जाडी, नॉइज सगळं रँडम करून खोट्या इमेज बनवल्या, त्यामुळे टी-टू (एमआरआयचा दुसरा प्रकार) असो की जाड स्लाइस, पुन्हा ट्रेनिंग न करता बऱ्यापैकी चालतं. बऱ्यापैकीच हां, हरवलेली माहिती काय परत येत नाही. आणि डाइसचं म्हणाल तर ज्याची कड १० व्हॉक्सेलची (व्हॉक्सेल म्हणजे स्कॅनमधला सगळ्यात छोटा थ्रीडी ठोकळा) असा घन एका बाजूला १ व्हॉक्सेल सरकला तर ०.९ येतो, ४ व्हॉक्सेल कडेचा तेवढाच सरकला तर थेट ०.७५, म्हणून मेंदूतल्या मोठ्या थॅलॅमसचे आणि छोट्या अमिग्डालाचे आकडे शेजारी ठेवून मॉडेलला नावं ठेवू नका.